घरी क्रीम करायचंय? आधी पाण्याचं ठरवा

तुम्ही विचारलंय की कोरफडीचा गर, गुलाबपाणी, खोबरेल आणि हळद एकत्र फेटून घरी क्रीम करता येईल का आणि ते किती दिवस टिकेल. नेमका हाच घाट मी घातला होता. मिक्सरमधून काढलं तेव्हा मऊ, फुललेलं, अगदी दुकानातल्यासारखं. तिसऱ्या दिवशी तळाला पाणी नि वर तेल. आठव्या दिवशी बरणीच्या कडेला काळे ठिपके. हळदीचा डाग मात्र उशीच्या अभ्र्यावर अजून आहे.

झालं काय, तर तेल-पाणी नुसतं फेटून फार वेळ एकत्र राहत नाही. त्यांना धरून ठेवायला इमल्सिफायर लागतो. आणि पाणी आलं की बुरशी, जिवाणू आलेच. कोरफडीचा गर म्हणजे बहुतांश पाणीच. ‘व्हिटॅमिन ई’ची कॅप्सूल फोडून घाला म्हणजे टिकतं, असं सगळे सांगतात. तिने तेल खवट व्हायला उशीर लागतो, बुरशी थांबत नाही. असं मिश्रण करायचंच असेल तर चमचाभर करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. चिरलेल्या भाजीचा नियम.

म्हणून सुरुवात बिनपाण्याच्या मलमापासून करा. माझं आवडतं कोकमतेलाचं. आमच्या सिंधुदुर्गात याला मुठेल म्हणतात. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. आजी तो गोळा चुलीपाशी जरा ऊब देऊन भेगाळलेल्या टाचांवर घासायची. नुसतं वापरलं तर ते फार कडक, म्हणून मी 30 ग्रॅम कोकमतेल, 60 ग्रॅम तिळाचं तेल आणि 10 ग्रॅम मधमाशीचं मेण घेते. वाटी-चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. भांडं गरम पाण्यात ठेवून आधी मेण आणि तिळतेल एकत्र वितळवा (मेणाला साधारण 62-64 अंश लागतात), मग कोकमतेल घाला. कोरड्या डबीत ओता आणि लगेच गार जागी ठेवा, हळूहळू निवलं तर कधी कधी तुपासारखं रवाळ होतं. तिळाऐवजी खोबरेल घेतलं तर पुण्याच्या थंडीत डबीत चमचा उभा राहतो. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच थिजतं ना!

खरं पाण्याचं क्रीमच हवं असेल तर इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी धरून ठेवणारं मेण) आणि प्रिझर्व्हेटिव्ह (बुरशी-जिवाणू रोखणारा घटक) विकत आणा. 100 ग्रॅमसाठी मी 74 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर, 19 ग्रॅम तेल, 6 ग्रॅम वॅक्स घेते आणि उरलेला 1 ग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह. तुमच्या प्रिझर्व्हेटिव्हच्या लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. तेल-वॅक्स आणि पाणी वेगवेगळं 70 अंशांपर्यंत तापवून एकत्र करायचं आणि निवेपर्यंत घोटत राहायचं. ‘केमिकल नको’ म्हणणाऱ्या मावशीला मी बुरशीच्या बरणीचा फोटो दाखवते.

प्रयोग हवे तितके करा, पण एका वेळी एकच जिन्नस बदला, नाहीतर खाज कशाने आली ते कळत नाही. लिंबाचा रस चेहऱ्याच्या क्रीममध्ये बिलकूल नको. तो आम्ल तर आहेच, वर लावून उन्हात गेलं की चट्टे पडू शकतात. खाण्याचा सोडा त्याच्या उलट टोकाचा, तोही नको. दालचिनीचं तेल एका थेंबानेही आग करतं. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

आणि खरंच हौस असेल तर त्वचेला लावायचं शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप, करून बघा. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं. असं शंभर वेळा. तूप पांढरंशुभ्र होतं आणि बोटाला लोण्यासारखं लागतं. माझा हात चाळिसाव्या पाण्यालाच दुखून आला, उरलेली साठ नवऱ्याने केली. आता डबीवर तो हक्क सांगतो.