सर्दी दोघांना, धाप एकालाच का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला धुळीची ॲलर्जी आणि दमा आहे. जूनमध्ये शाळा उघडली की तो आणि त्याची बहीण, दोघंही सर्दी घेऊन येतात. ती चार दिवसांत बरी होते, याची सर्दी मात्र छातीत उतरते, रात्रभर घरघर चालते. सगळे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक द्या. रोजच्या पंपाची सवय लागेल म्हणून आम्ही तो उन्हाळ्यात बंद ठेवतो. काय चुकतंय?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : प्रतिकारशक्ती त्याच्याकडे भरपूर आहे, पण ती भलत्याच कामाला जुंपलेली आहे. शाळकरी मुलांमध्ये दम्याचे बहुतेक झटके विषाणूंमुळे येतात आणि त्यांत पहिला नंबर रायनोव्हायरसचा, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूचा. तो श्वासनळीच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन नावाची विषाणूविरोधी प्रथिनं सोडून आजूबाजूच्या पेशींना सावध करतात. ॲलर्जीच्या मुलांत याच पांढऱ्या पेशींवर आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड, चिकटून बसलेलं असतं. गादीतल्या धूळकीटकांचा अंश त्याला लागला की त्या पेशी इंटरफेरॉन कमी सोडतात. त्याच वेळी दुखावलेलं अस्तर इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं, नळी सुजते, चिकट कफ भरतो. विषाणू लवकर आवरत नाही आणि सूज मात्र लगेच चढते. अमेरिकेत काही मुलांना शाळा उघडण्याआधी ४ ते ६ आठवडे आयजीईला बांधून ठेवणारं इंजेक्शन सुरू केलं, तेव्हा त्या हंगामातले झटके कमी झाले. इंजेक्शन महाग आहे, तीव्र दम्यासाठीच वापरतात. पण दोष कुठे आहे ते यातून कळतं.

तेव्हा टॉनिकवर पैसे घालवू नका. रोजचा, म्हणजे स्टेरॉइडचा, पंप नळीची सूज उतरवतो, आणि त्याला काही आठवडे लागतात. सर्दी झाल्यावर तो सुरू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. त्याची सवय लागत नाही. उंचीवर परिणाम झालाच तर साधारण एखाद्या सेंटीमीटरचा, आणि वारंवार धाप लागण्यापेक्षा तो कितीतरी परवडला. मात्रा कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कधीच नको.

पंप देण्याची पद्धतही तपासा, कारण निम्मं औषध इथेच वाया जातं. पंप हलवून स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामधल्या प्लास्टिकच्या नळकांड्याला) लावा, एकच फवारा मारा, मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. दुसऱ्या फवाऱ्याआधी पंप पुन्हा हलवा. दोन फवारे एकदम मारले की थेंब एकमेकांना चिकटून प्लास्टिकवर बसतात. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध तिथेच ओढलं जातं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. मच्छरांची कॉइल आणि धूप घरात लावूच नका.

धाप लागली की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे साल्ब्युटामॉल, म्हणजे लगेच आराम देणारा पंप, द्या: सहसा १०० मायक्रोग्रॅमचे २ ते ४ फवारे, गरज पडल्यास २० मिनिटांनी पुन्हा, तासाभरात जास्तीत जास्त तीनदा. आराम ३-४ तासही टिकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलीला दमा आहे आणि अंड्याची ॲलर्जीही. फ्लूची लस चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल. अंड्याच्या ॲलर्जीमुळे आता ही लस अडत नाही. आधीच्या फ्लूच्या लशीनेच तीव्र ॲलर्जी आली असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये घ्या, दरवर्षी. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, ४ आठवड्यांच्या अंतराने. दुसरा डोस चुकवू नका.