वीसची जोडी आणि एक पाय

प्रश्न : मी जातो ती जिम म्हणजे एक खोली आहे. बारबेल नाही, रॅक नाही, लेग प्रेस नाही. एक सपाट बेंच, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढी लाकडी पेटी आणि डंबेल्सच्या काही जोड्या. सगळ्यात जड जोडी २० किलोची. माझं वजन ७२ किलो. ती जोडी घेऊन स्क्वॉट मारले तरी २५ सहज होतात. मग धाप लागते, पण पाय दमत नाहीत. पायांत ताकद आणायची तर जिम बदलावी का?

उत्तर : नको. आधी एक पाय कमी करा.

हिशेब बघा. तुम्ही ७२, डंबेल्स ४०, मिळून ११२. दोन पायांत वाटले की एकेकाच्या वाट्याला ५६. आता मागचा पाय बेंचवर टाकून पुढच्या पायावर खाली बसा. मागचा पाय थोडा भार घेतो, तरी पुढच्यावर ढोबळमानाने ८०-८५ किलो येतात. डंबेल्स तीच, पायाला मात्र नवी जिम लागल्यासारखं वाटेल. याचं नाव बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट.

मी सात वर्षं एका तळघरातल्या जिममध्ये शिकवलं. छत इतकं खाली की उंच माणसाने डंबेल डोक्यावर नेलं की ट्यूबलाइटला लागायचं. तिथे सगळ्यात जड जोडी १५ ची होती. 'एवढ्याशाने माझं काय होणार' म्हणत आलेले पैलवान हाच व्यायाम दोन सेट करून बेंचवर बसून राहायचे. आणि तळघरच ते, त्यामुळे घरी जायला जिना चढावाच लागायचा.

बहुतेकांचं चुकतं ते पुढचं पाऊल ठेवताना. अंदाजाने ठेवू नका. बेंचच्या कडेवर बसा, एक पाय सरळ समोर लांब करा आणि टाच जिथे टेकते ती जागा लक्षात ठेवा. त्याच जागी पाऊल ठेवून उभे राहा आणि दुसऱ्या पायाचा चवडा मागे बेंचवर टाका. डोलायला होत असेल तर दोन्ही पाय एका रेषेत आलेत. पुढचं पाऊल चार बोटं बाहेर घ्या. दोरीवर चालायचं नाहीये आपल्याला. खाली जाताना मनात तीन आकडे मोजा, तळाशी क्षणभर थांबा, वर मात्र जोरात या.

पहिल्या आठवड्यात हातात काही घेऊ नका. मग १० ची जोडी, मग पुढची. एका पायाला ८ वेळा, असे तीन सेट, आणि प्रत्येक सेटअखेर 'अजून एक-दोन निघाले असते' असं वाटलं पाहिजे. पाच-सहा निघाले असते असं वाटलं तर वजन हलकं आहे. सुरुवात कमजोर पायाने करा. तो जितके काढेल तितकेच दुसऱ्याने काढायचे. दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. घाईने मारलेल्या सेटमध्ये आधी छाती भरून येते. तुमच्या पंचवीस स्क्वॉटचं तेच तर झालंय.

१२ होऊ लागले की वजन वाढवायचं. ही युक्ती माझी नव्हे. थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात गुडघे दुखावलेल्या सैनिकांना असंच चढत्या वजनाने उभं केलं आणि १९४५ मध्ये त्यावर लिहिलं. त्याआधी अशा रुग्णांना हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायला लावण्याचीच रीत होती.

वीसची जोडीही कमी पडू लागली, की पुढच्या पावलाखाली जाड प्लेट किंवा लाकडाचा ठोकळा ठेवा आणि आणखी खोल बसा. तळाशी तीन सेकंद थांबा. मग अर्धं वर येऊन पुन्हा खाली जा, तेव्हा कुठे पूर्ण वर. यातच सहा-आठ महिने निघतील. मूठ आधी सुटत असेल तर पट्ट्यांनी मनगट डंबेलला बांधा. पायाचा व्यायाम बोटांनी का अडवावा?

एवढ्याने मांडीचा पुढचा भाग आणि नितंब तयार होतील. मांडीमागच्या स्नायूंकडे मात्र बेंच-डंबेलवाले हमखास दुर्लक्ष करतात. त्यांच्यासाठी गुळगुळीत फरशी आणि टॉवेल पुरे. उताणे झोपा, टाचा टॉवेलवर ठेवा, कंबर उचला आणि टाचा हळूहळू लांब सरकवत न्या. कंबर पडू न देता टाचा परत ओढून घ्यायला जमल्या तर उत्तम. नाही जमल्या तर नुसतं लांब नेणंच करा, परतताना कंबर टेकवा. पहिल्या दिवशी पाच पुरेत. सहाव्याला गोळा येतो, मी स्वतः फरशीवर ओरडले आहे.

पोटऱ्यांसाठी पेटीच्या कडेवर एका पायाचा चवडा टेकवून टाच खाली-वर करा, एका हातात डंबेल, दुसरा भिंतीला. तळाशी दोन सेकंद थांबलं नाही तर नुसता स्प्रिंगसारखा उसळीचा खेळ होतो.

प्रश्न : स्क्वॉटमध्ये गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की गुडघे खराब होतात, असं आमचे ट्रेनर सांगतात. खरं का?

उत्तर : अर्धवट. २००३ मध्ये सात जणांना बारबेल घेऊन, पुढे फळी लावून गुडघे अडवत स्क्वॉट करायला लावले गेले. गुडघ्यावरचा ताण सुमारे पाचव्या हिश्शाने घटला, पण खुब्यावरचा जवळजवळ दहापट झाला. ताण नाहीसा झाला नाही, वरच्या मजल्यावर गेला. टाच जमिनीला चिकटलेली असेल आणि गुडघा पावलाच्या दिशेनेच जात असेल, तर तो बोटांपुढे गेला म्हणून बिचकू नका. गुडघा आतल्या बाजूला कोसळत असेल तर मात्र वजन कमी करा. सूज असेल किंवा सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल, तर माझ्या सदराऐवजी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : पायांचा व्यायाम रोज करू का?

उत्तर : आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना हात टेकावे लागतील, ते चालेल. चौथ्या दिवशीही लागले तर पुढच्या वेळी एक सेट कमी करा.