पाहुण्यांचा जानेवारी आणि पाणपक्षी

प्रश्न : यंदा आमचा जानेवारी भरगच्च आहे. कॅनडाहून नणंद तिच्या दोन मुलांसह महिनाभरासाठी येत आहे, संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्या घरी आहे, मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे आणि महिन्याच्या मध्यावर मामेसासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी सगळ्यांना नाशिकला जायचे आहे. मला आणि यजमानांना पक्षिनिरीक्षणाची आवड आहे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी दोन दिवस भिगवणला जावे, असा विचार दर हिवाळ्यात होतो आणि घरच्या कार्यांत राहून जातो. या वेळी सर्वांनाच बरोबर न्यावे का? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुले सात ते अकरा वर्षांची आहेत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वांना अवश्य न्यावे, परंतु भिगवणला नव्हे. नाशिकला आपण जाणारच आहात, तेव्हा कार्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ नांदूरमध्यमेश्वरसाठी राखून ठेवावी. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले हे पाणथळ क्षेत्र नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. 2020 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि तो मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिलेच ठिकाण ठरले. त्यामुळे या सहलीसाठी पंचांगात वेगळे दोन दिवस शोधत बसावे लागणार नाही. माझ्या मते आपली सहल दर वर्षी बारगळते ती नेमकी या शोधापायीच.

जागेच्या निवडीमागे आणखी एक कारण आहे. जंगलातील पक्षी पाहायला शांतता आणि चिकाटी लागते. पानांआडचा एखादा माशीमार दिसेपर्यंत सात वर्षांच्या मुलाचा धीर सुटलेला असतो. पाणपक्षी मात्र उघड्यावर असतात, थव्याने असतात आणि पुष्कळ वेळ एका जागी राहतात. चोच पसरट असल्यामुळे थापट्या ओळखता येतो, टोकदार शेपटीमुळे तलवार बदक, नारिंगी रंगामुळे चक्रवाक आणि काळ्या अंगावरच्या पांढऱ्या कपाळामुळे वारकरी. एवढे चार पक्षी आदल्या रात्री चित्रांत दाखवून ठेवले, तर मुले दुसऱ्या दिवशी ते स्वतःच शोधू लागतील. थवा अचानक उठला तर आकाशात दलदली भोवत्या दिसतो का, हे त्यांना पाहायला सांगावे. हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून खालच्या उंचीवर घिरट्या घालत असतो आणि तो दिसताच बदकांची पळापळ होते. जांभळी पाणकोंबडी दिसली, तर कॅनडाच्या भाच्यांना इतर सगळ्यांचा विसर पडेल.

सासूबाईंना पहाटे उठवण्याचा आग्रह धरू नये. जानेवारीत तेथे सूर्य सातनंतर उगवतो आणि निफाडचा पारा राज्यातील नीचांकांत का असतो, हे तेव्हा अंगावर कळते. (नणंदेची मुले या थंडीला हसतील, पण स्वेटर त्यांनाही घालावा.) हौशी मंडळींनी पहिल्या गाडीने उजाडता उजाडता पोहोचावे आणि ज्येष्ठांनी न्याहारीचे डबे घेऊन नऊच्या सुमारास यावे, पाण्यावरचे पक्षी तोपर्यंत कोठेही गेलेले नसतात. काठावरची वाट बरीचशी सपाट आहे, तरीही एक घडीची खुर्ची गाडीत ठेवावी. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या चढण्याचे सासूबाईंना काहीच कारण नाही. चापडगावच्या बाजूने प्रवेश करताना स्थानिक मार्गदर्शक जरूर घ्यावा, कारण त्या आठवड्यात कोणता थवा कोठे उतरतो आहे, हे त्याच्याइतके पुस्तकाला ठाऊक नसते.

आता भिगवणविषयी. तेथे कुंभारगाव किंवा डिकसळहून मच्छीमारांच्या होडीने उजनी जलाशयात जावे लागते आणि हलत्या होडीत चढणे-उतरणे दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारे नाही. शिवाय रोहित उथळ पाण्यात डोके उलटे बुडवून, चोचीने चिखलपाणी गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेले असेल, तर त्याला उभे राहायला जागाच नसते; पाणी ओसरून दलदल उघडी पडू लागते, तसे थवे वाढतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी जानेवारीपेक्षा फेब्रुवारी-मार्च म्हणूनच अधिक खात्रीचे. पाहुणे परतल्यावर, फेब्रुवारीअखेरच्या एखाद्या रविवारी आपण दोघांनीच पहाटे निघावे. अंतर पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मुक्कामाचीही गरज नाही. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) तोवर परतीच्या तयारीत असतात. तेही दिसण्याची शक्यता आहे. छायाचित्रासाठी थवा उडवायला नावाड्याला कधीही सांगू नये, आणि तो आपणहून होडी जवळ नेऊ लागला तर स्पष्टपणे थांबवावे.

प्रश्न : सुट्टीत नातू आमच्याकडे राहायला येणार आहे. त्याला दुर्बीण घेऊन द्यावी म्हणतो. जास्तीत जास्त मोठे दिसणारी घ्यावी का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : नाही. दहापट किंवा त्याहून मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि दृश्याचा आवाका कमी असल्याने मुलाला पक्षी सापडतच नाही. आठपट पुरे. 8×42 (म्हणजे आठपट आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर) ही दुर्बीण मोठ्यांसाठी उत्तम आहे, परंतु लहान मुलाच्या मानेला ती जड होते. 8×32 किंवा 8×30 घ्यावी. दुकानात नातवालाच हातात धरायला लावावे आणि दोन्ही नळ्या त्याच्या डोळ्यांमधील अंतराइतक्या जवळ येतात का, ते तपासावे. त्या तितक्या जवळ आल्या नाहीत, तर त्याला एकाऐवजी दोन वर्तुळे दिसत राहतात आणि दोन दिवसांत दुर्बीण कपाटात जाते. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय ती हातात द्यायची नाही आणि तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, हे दोन नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगावेत.