बोलायला पोपट, मग वजाबाकी का अडते?

"पोरगी बोलायला पोपट आहे ओ मॅडम. मग वजाबाकीलाच का अडती? आळशी आहे का?"

स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा जन्मतःच नीट न जुळलेला, असलेल्या मुलांच्या आया मिरजेपासून विट्यापर्यंत हेच विचारतात. ही आई तासगावकडची, मुलगी चौथीतली (ओळखीचे तपशील बदलले आहेत). जन्मल्यावर पाठीची शस्त्रक्रिया झाली, पुढे डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी नळी, म्हणजे शंट, बसवला.

कावळ्याची गोष्ट तिनं घडाघडा सांगितली. "माठात खडेच का टाकले गं?" असं विचारलं, तर ती आजीच्या माठावर बोलत राहिली. कारण काही आलं नाही. स्पायना बिफिडाच्या बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते. शब्द लवकर येतात, पण दोन गोष्टी जोडून अर्थ लावणं, लक्ष एकीकडून दुसरीकडे नेणं आणि जागेचा अंदाज घेणं जड जातं. मेंदूत साठलेल्या पाण्याच्या दाबानं आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या 'लहान मेंदू' या भागाच्या वेगळ्या घडणीनं हे होतं. आळसानं नव्हे.

चौथ्या भेटीत वही पाहिली. ३०४ वजा १७८. एकरेघी कागदावर ८ हा शून्याखाली गेला होता. मी चौकटीची वही दिली, एका चौकटीत एकच आकडा, बाकीचं पान कोऱ्या पुठ्ठ्यानं झाकलं. हातचा डोक्यात न ठेवता वर लिहायला सांगितला. उत्तर आलं १२६.

ती वहीकडे बघतच राहिली. "मला येतंय की! आकडेच घसरत होते."

आई रडली. मूल कुठं कमी पडतं यापेक्षा आपण त्याच्यापुढं काम कसं मांडतो हे आधी बघावं, असं मी मानते. त्या दिवशी ते पुन्हा पटलं.

घरी एका वेळी एकच सूचना द्या आणि "काय करायचंय?" हे तिच्याकडूनच वदवून घ्या; नुसत्या "हो"वर जाऊ नका. दप्तराची यादी झाकणाच्या आत चिकटवा. कॅथेटरच्या (लघवी काढायच्या नळीच्या) वेळेसाठी थरथरणारं घड्याळ द्या, म्हणजे वर्गात कुणी आठवण करायला नको. फळ्यावरून उतरवण्यात दमवू नका, छापील उदाहरणं द्या. परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक या सोयी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. शाळेकडे लेखी मागा.

एक मात्र लक्षात ठेवा. जमत असलेलं अचानक बिघडलं, अक्षर ढासळलं, मूल पेंगू लागलं, सोबत डोकेदुखी किंवा उलट्या असल्या, तर अभ्यासाला दोष देऊ नका. शंट तुंबलेला असू शकतो. माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठा.