वाचकांचे प्रश्न : गाणं चांगलं गातो म्हणून मंडळीत ‘वडील’ व्हावं का?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी नवापूर तालुक्यातला, वय 26, खाजगी नोकरी करतो. मंडळीत (चर्चमधे) गाणी मीच घेतो, कधीकधी संदेशपण देतो, लोकांना आवडतं. आता मंडळीचे पंच म्हणतायत पुढच्या वर्षी तुला वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, करू. पण जुनी माणसं म्हणतात हा अजून पोरगा आहे आणि मिटिंगमधे लगेच तापतो, आणि खरं सांगू का, तापतो मी. बायबल कॉलेज केलेलं नाही. दिवाळीनंतर आमची निम्मी मंडळी ऊसतोडीला गुजरातला जाते, तेव्हा मागे काम करणारे आम्ही चारपाचच. हो म्हणू का? तयारी कुठून करू?

उत्तर : सलाम भाऊ. आवाज चांगला, बोलणं चांगलं की करा वडील, ही आपल्याकडं सवयच पडलीये आणि मला ती अजिबात पटत नाही. बायबलमधलं 1 तीमथ्य 3, म्हणजे प्रेषित पौलाने तरुण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, उघडा आणि पेन घेऊन बसा. पौलाच्या त्या यादीत कौशल्य म्हणावं असं जवळपास एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं माणूस कसा आहे याबद्दल : पिणारा नको, हात उगारणारा नको, भांडकुदळ नको, पैशाचा लोभी नको, पाहुण्याचं आदरातिथ्य करणारा हवा, घर नीट चालवणारा हवा. आणि बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं हवं. बाहेरचे म्हणजे कोण, तर तुमच्याबरोबर शिफ्टला असणारे आणि ज्याच्याकडं तुमची उधारी चालते तो किराणावाला. पंच त्यांना कधी विचारत नाहीत, विचारायला पाहिजे.

वयाचं मनाला लावून घेऊ नका, तीमथ्यालाही पौलाने लिहिलंय की तुझ्या तरुणपणाला कुणी तुच्छ मानू नये, पण त्याच वचनात पुढं बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत कित्ता हो असंही आहे, आणि ते आपण वाचत नाही! तापण्याचं मात्र जुनी माणसं बरोबर बोलतायत. मिटिंगमधे निम्मंच होतं, उरलेलं रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं. तेव्हा ग्रुपवर वादाचं काहीच लिहायचं नाही असं ठरवा, दुसऱ्या दिवशी ज्याच्यावर राग आला त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि समोर बोला. आणि घरात बायको किंवा आई ‘किती चिडतोस’ म्हणाली की तिथं वचन काढून दाखवायचं नाही.

सेवकांबद्दल, म्हणजे मंडळीत मदतीचं काम करणाऱ्यांबद्दल, 1 तीमथ्य 3 मधेच म्हटलंय की आधी पारख होऊ द्या. म्हणून पंचांना सांगा, एक सीझन मला पदाशिवाय काम द्या. ऊसतोडीला माणसं गेली की मागे म्हातारी माणसं आणि पोरं राहतात, त्यांच्या घरी जायचं, जाताना एखाद्या अनुभवी वडिलांना बरोबर घ्यायचं आणि ते काय बोलतात, कुठं गप्प बसतात ते बघायचं. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 6 मधे, पहिल्या मंडळीत, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तेव्हा सात जण निवडले आणि सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार त्यांच्यातल्याच माणसांवर भरवसा टाकला असं दिसतं. तुमच्याकडं उपासना मराठीत आणि मागे बसलेली आजी घरी मावची ही आदिवासी बोली बोलणारी, तिला रविवारचा उतारा मावचीत सांगून बघा. तिने तो शेजारणीला परत सांगितला तर तुम्हाला शिकवता येतंय.

कॉलेजचं म्हणाल तर घाई नाही. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (1983 च्या आधी ती यवतमाळला होती) किंवा दुसरीकडं जायचं तर नोकरी सोडावी लागेल, पूर्णवेळ पाळक व्हायचं असेल तरच तो विचार करा.

प्रश्न : दानार्पण आता बरेच जण फोनपेवर देतात आणि नंबर माझा आहे. हिशोब मी वहीत चोख ठेवतो. चालेल ना? (एक खजिनदार, शहादा)

उत्तर : नाही चालणार, तुम्ही कितीही प्रामाणिक असा. 2 करिंथ 8 मधे पौल वर्गणी न्यायला आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस देतो आणि कारणही सांगतो, आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये. मंडळीच्या नावाने दोन सह्यांचं खातं काढा, क्यूआर त्याचाच लावा. पेटीतलं दान त्याच दिवशी दोघांनी मोजून वहीत दोघांच्या सह्या, आणि ते दोघं एकाच घरातले नकोत. तुमच्या खात्यात आत्ता जे पडून आहे ते पंचांसमोर या रविवारीच वळतं करा.