मांजराचं पिल्लू कधी लिटर बॉक्समध्ये, तर कधी सोफ्यामागे शी-शू करतं. पक्की सवय कशी लावावी?

तुमचं दोन महिन्यांचं पिल्लू अधूनमधून तरी बॉक्स (वाळूसारखे दाणे, म्हणजे लिटर, भरलेला ट्रे) वापरतंय, म्हणजे निम्मं काम झालंय. उकरणं आणि पुरणं मांजराला शिकवावं लागत नाही. तीन-चार आठवड्यांची पिल्लं आपणहून उकरायला लागतात. चुका होतात त्या बहुतेक करून बॉक्स लांब असल्यामुळे किंवा तो नकोसा वाटल्यामुळे.

म्हणून आधी त्याचं फिरणं आवरा. आठ-दहा दिवस एकाच खोलीत ठेवा. एका कोपऱ्यात बॉक्स, खाणं-पाणी त्यापासून शक्य तितकं दूर. जेवणाशेजारी मांजर शी करायला टाळतं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच उचलून बॉक्समध्ये ठेवा. पंजे धरून उकरायला मात्र लावू नका, ते बॉक्सलाच घाबरेल. आठवडाभर एकही चूक झाली नाही, की पुढची खोली उघडा. घर मोठं असेल तर तिकडेही एक बॉक्स हवाच.

बॉक्सची एक बाजू तरी 5-6 सेंटीमीटरच उंच असावी, झाकण नको. लिटर बारीक, बिनवासाचं, 3 ते 5 सेंटीमीटर जाडीचं. सुगंधी लिटर माणसांना आवडतं, मांजरांना नाही. ओलं झाल्यावर गोळे होणारं लिटर अजून काही महिने टाळाच: पिल्लं लिटर चाखून बघतात आणि ते पोटात फुगून आतडं अडकू शकतं. घाण दिवसातून दोनदा काढा. लिटरचा प्रकार बदलायचा झाला तर नवं लिटर जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला.

सोफ्यामागचा वास पूर्ण गेला नाही तर बाकी सगळं फुकट. आधी टिपून घ्या, मग एन्झाइमवालं (मुताचा वास मुळापासून मोडणारं) क्लीनर टाकून पाकिटावर लिहिलंय तितका वेळ राहू द्या. अमोनिया असलेलं क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखाच येतो. फिनेल तर अजिबात नको, ते मांजरांना विषारी असतं. जागा सुकली की तिथे खाण्याची वाटी ठेवा.

रागावणं, नाक घासणं यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही; मग आणखी आडोशाच्या जागा शोधतं.

सगळं नीट असूनही चुका अचानक वाढल्या, जुलाब झाले किंवा रक्त दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. ते सारखं बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि शू थेंबभरही होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. विशेषतः बोक्यांमध्ये लघवीची वाट बंद होणं जिवावर बेततं.