न विचारता ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि स्कॅनर बंद पडला. कंपनीकडे भरपाई मागता येते का?

तुम्ही लिहिलंय की रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपलात, सकाळी पाहता तर ऑपरेटिंग सिस्टीम नवीन, स्कॅनर ओळखेना, आणि घरचे म्हणतात, "तूच कुठेतरी ओके दाबलं असशील. शिवाय फुकट मिळालंय, तक्रार कसली?" म्हणून विचारताय, भरपाई मागता येते का.

येते. मिळेलच असं नाही, पण मागता येते आणि मागावी. त्याआधी एक काम उरका. विंडोज असेल आणि दहा दिवस उलटले नसतील, तर स्क्रीनचे फोटो काढून ठेवा आणि सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागच्या आवृत्तीवर परत जा. तोवर डिस्कवर जागा करायला म्हणून जुन्या फाइली साफ करू नका, परतीची वाट त्याच फाइलींतून आहे. मॅक असेल तर असं बटण नाही. डिस्क पुसून जुनी आवृत्ती घालायची आणि बॅकअपमधून डेटा घ्यायचा.

आता "तूच दाबलं असशील" याबद्दल. हे वाक्य मी माझ्या धाकट्या दिराच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर लिहायला बसल्याशिवाय राहवलं नाही.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, बावीस वर्षं झाली. युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची आता सगळीकडे चालणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत लावलेली कितीतरी पुस्तकं माझ्याकडे आहेत. ती उघडणारं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं. डोंगल म्हणजे यूएसबीत खोचलेली अंगठ्याएवढी किल्ली, ती सापडली नाही तर सॉफ्टवेअर फॉन्ट देत नाही. त्या डोंगलचा नवा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमला ती किल्ली ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, कुणी काढणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून ते एक यंत्र मी मुद्दाम जुन्या सिस्टीमवर ठेवलं होतं. इंटरनेट मात्र जोडलेलं होतं, कारण प्रूफं मेलने जायची.

त्या आठवड्यात त्यावर एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पुस्तक होतं, रानातल्या वनस्पतींची बोलीतली नावं. ३१२ पानं, मागे सतरा पानांची सूची. शेवटच्या प्रूफावर बाईंची सही झाली होती, सोमवारी पीडीएफ छापखान्यात जायची होती. शनिवारी रात्री बॅकअप लावला आणि यंत्र चालू ठेवून मी झोपले.

रविवारी सकाळी पडद्यावर स्वागताचा संदेश. डोंगलचा हिरवा दिवा विझलेला. फाइल उघडली तर पानभर एक मराठी अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, ठिपके. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच घरांत बसवलेली असतात. फॉन्ट गेला की खालचं सगळं उघडं पडतं. मागे जायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा फसला.

शेवटी फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढली. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. रफार एक अक्षर सरकला. 'अर्जुन'चा 'अजुर्न', 'सर्पगंधा'चा 'सपर्गंधा'. 'दऱ्याखोऱ्या' होत्या त्या 'दर्याखोर्या' झाल्या. मजकूर पसरून ३१२ची ३२९ पानं झाली, म्हणजे सूचीतला जवळजवळ प्रत्येक आकडा चुकला. शिक्षिकाबाई पेन्सिल घेऊन शेजारी बसल्या. त्या नाव वाचायच्या, मी पान शोधायचे, त्या जुन्या प्रूफात खूण करायच्या. चार रात्री असं चाललं. पुस्तक अकरा दिवस उशिरा निघालं आणि तरीही एका पानावर 'अजुर्न' राहिलाच. त्यासाठी शुद्धिपत्रकाची चिठ्ठी प्रत्येक प्रतीत घालावी लागली. बाईंनी स्वतः बसून घातल्या. त्यांचं ते एकच पुस्तक.

दीर सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्याच रविवारी फोन केला तर म्हणाले, "वहिनी, सिस्टीम अशी आपोआप बदलत नसते. तुम्हीच घाईत कुठेतरी ओके दाबलं असणार. आणि नवीन आवृत्ती चांगलीच असते हो, लोक पैसे मोजतात तिच्यासाठी."

मी सिस्टीमचा लॉग काढला. बदलाला सुरुवात रात्री २ वाजून ४७ मिनिटांनी. त्या वेळी यंत्रापाशी कुणी नव्हतं. कंपनीला लिहिलं. नाव सांगत नाही, कारण प्रकरण आपसात मिटलं आहे. पहिलं उत्तर आलं की परवाना स्वीकारताना अपडेटना संमती दिलेली आहे. मी विचारलं, कोणत्या अपडेटना? दुरुस्तीला की अख्खी सिस्टीम बदलायला? दुसरं उत्तर पुन्हा तेच, फक्त शब्द फिरवून. तिसऱ्या पत्रात मी एवढंच विचारलं की मला कधी, कोणत्या खिडकीत, कोणत्या शब्दांत विचारलं होतं. तेव्हा कुठे एका माणसाने लिहिलेलं उत्तर आलं: सूचना दाखवली होती, नकार नोंदवलेला दिसत नाही, म्हणून वेळ यंत्रणेने आपोआप ठरवली.

नकार नोंदवलेला दिसत नाही! मौनाला होकार ठरवायचा आणि त्या जोरावर अडीच-पावणेतीन वाजता दुसऱ्याच्या यंत्रात शिरायचं. तो मेल मी दिरांना पाठवला. त्यांचं उत्तर, "म्हणजे सूचना दिसली होती ना?"

तेव्हापासून हा वाद आमच्यात आहे. माझं मत स्पष्ट आहे. खिडकी दिसली म्हणजे संमती नव्हे, आणि हात लागला तरीही संमती नव्हे. काय विचारलंय ते कळलं पाहिजे, 'नको' म्हणायला जागा पाहिजे आणि 'नको' म्हटलं तर ते टिकलं पाहिजे. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. विंडोज १० च्या वेळी जगभर नेमका यावरच वाद झाला होता.

ती सिस्टीम २९ जुलै २०१५ला आली आणि विंडोज ७ व ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट होती. फुकट देण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार आग्रहाची होती. २०१६च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने हा बदल 'शिफारस केलेल्या' अपडेटांत टाकला, त्यामुळे अनेकांच्या यंत्रांवर तो आपोआप उतरला. मे २०१६मध्ये तर असं झालं की खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद केली, तरी आधीच ठरवून ठेवलेली वेळ तुम्हाला मान्य आहे असा अर्थ लावला जाऊ लागला. फुली दाबली म्हणजे नको, हे संगणक वापरणारा प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं धरून चाललाय. जूनच्या अखेरीस, मुदत संपायला महिना उरला असताना, स्पष्ट नकाराचं बटण देण्यात आलं. डिसेंबर २०१६मध्ये कंपनीचे तेव्हाचे विपणनप्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी एका मुलाखतीत कबूल केलं की त्या फुलीच्या बाबतीत आपण फार पुढे गेलो, आणि हे त्यांना काही तासांतच कळलं होतं. दिरांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते गप्प बसले. ज्यांनी केलं तेच म्हणताहेत की जास्त झालं, मग वापरणाऱ्याकडे बोट कशाला?

भरपाईचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोमधलं घ्या. तिथे पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंच्या यंत्रावर विंडोज १० आपोआप उतरू लागली, अर्धवट फसली आणि यंत्र रखडत, बंद पडत राहिलं. त्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे लहान रकमांचे दावे चालतात तिथे, गेल्या. बुडालेली कमाई आणि नव्या यंत्राची किंमत मागितली. निकाल १०,००० डॉलरचा लागला. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही, पण पुढचा खर्च टाळायचा म्हणून अपील मागे घेतलं, आणि २०१६च्या जूनमध्ये ही बातमी आली. कॅलिफोर्नियाच्या त्या न्यायालयात मूळ सुनावणीला दोन्हीकडून वकील उभा राहत नाही. माझ्या मते बाई जिंकल्या त्याचं अर्धं कारण हे. परवान्याच्या कलमांचा कीस काढायला तिथे कुणी नव्हतं, किती दिवस काम बंद राहिलं एवढाच प्रश्न उरला. अमेरिकेतल्या विंडोज १० च्या परवान्यात लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेरचा निवाडा, सक्तीचा आहे, सामूहिक दाव्याला मनाई आहे, पण लघुवाद न्यायालयाचा रस्ता मोकळा ठेवलाय. तुमच्या परवान्यातही हे कलम शोधा.

जर्मनीत बाडेन-व्ह्यूर्टेमबर्गच्या ग्राहक केंद्राने वेगळाच मुद्दा धरला: न विचारता लोकांच्या डिस्कवर काही जीबीच्या फाइली उतरवणं हेच गैर. बदल पुढे होवो न होवो, जागा माझी, इंटरनेट माझं. दीड वर्ष भांडण चाललं आणि ऑगस्ट २०१७मध्ये कंपनीने, वापरणाऱ्याच्या संमतीविना अशा फाइली डिस्कवर टाकणार नाही, अशी हमी दिली. इटलीत २०१८च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने अॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला, कारण जुन्या फोनांवर अपडेटचा आग्रह धरला, फोन मंदावले आणि परत जायची सोय नीट दिली नाही. तिथेही अपडेट फुकटच होतं. फुकट असल्याने कुणाचा दंड माफ झाला नाही, हे तुमच्या घरच्यांना सांगा.

युरोपीय संघाचा २०१९चा वस्तुविक्रीचा निर्देश १ जानेवारी २०२२पासून लागू झाला. त्यात विक्रेत्याने अपडेट पुरवायचं आहे, आणि ग्राहकाने ते वाजवी मुदतीत बसवलं नाही तर त्यातून निघणाऱ्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर नाही. म्हणजे बसवायचं की नाही हा निर्णय ग्राहकाचा, हे कायदा धरूनच चालतो. जोखीम माझी असेल तर निर्णयही माझाच असणार. दिरांकडे याचं उत्तर अजून नाही.

तुमच्या स्कॅनरचं सांगायचं राहिलं. स्कॅनरवाले म्हणतील सिस्टीमवाल्यांना विचारा, सिस्टीमवाले म्हणतील स्कॅनरवाल्यांना. ही टोलवाटोलवी ठरलेली आहे. दोघांनाही लेखी विचारा आणि दोघांची उत्तरं जोडून तक्रार करा. नवा ड्रायव्हर निघालाय का तेही पाहा, निघाला असेल तर वाद तिथेच संपेल. नुकसान आकड्यात मांडा: किती तास गेले, कोणतं काम हुकलं, दुरुस्तीची पावती. 'मनस्ताप' एका ओळीत पुरे.

आणखी एक. यंत्र तुम्ही कमाईसाठी वापरत असाल तर 'तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप येऊ शकतो. मलाही आला होता. बऱ्याच ठिकाणी ग्राहक कायदा धंद्याचा वापर वगळतो, स्वतःच्या पोटापुरत्या कामाला कुठे सूट असते, कुठे नसते. सॉसलिटोच्या बाई साध्या लघुवाद न्यायालयात गेल्या, म्हणून हा अडसर आलाच नाही. मला शेवटी चूक मान्य न करता थोडी रक्कम मिळाली. चार रात्रींची भरपाई त्यात झाली नाही.

आणि हे वाचून सगळी अपडेट बंद करून बसू नका. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि सिस्टीम बदलणं वेगळं. मार्च २०१७मध्ये आलेली दुरुस्ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची यंत्रं मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केली. मी दुरुस्त्या घेते. जुनं यंत्र इंटरनेटपासून तोडलंय, प्रूफं पेनड्राइव्हने दुसऱ्या यंत्रावर नेते. विंडोज १०चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा परत गेलात तरी तिथे कायमचं राहता येणार नाही. पण कधी निघायचं ते मी ठरवीन, रात्री पावणेतीनला दुसऱ्या कुणी नाही. दिरांशी माझं भांडण एवढंच आहे.

तक्रारीची सुरुवात अशी करा: "मी या बदलाला संमती दिलेली नाही. दिली आहे असं आपलं म्हणणं असेल तर मला कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या शब्दांत विचारलं होतं, नकाराचं बटण कुठे होतं आणि मी काय दाबलं, याची नोंद पाठवा." पहिल्या दोन उत्तरांत ही नोंद येणार नाही. तिसऱ्यांदा विचारा.